पाठपोट

चिठ्ठी पाठपोट लिहिलेली होती. एवढंच झालं होतं. सुमंतने ती पत्र्याच्या ट्रेमधून सहज उचलली, समोरची बाजू वाचली, शेवटची ओळ कडेला येऊन तुटली म्हणून कागद उलटला, आणि मागच्या बाजूवरही तेच बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर पार खालपर्यंत गेलेलं त्याला दिसलं. अक्षर सुचित्राचं होतं. त्याच्या बायकोचं. शुक्रवार हा त्याचा दवाखान्यातला दिवस नव्हता. मंगळवार आणि शुक्रवार आता नव्या डॉक्टर निसळचे. विश्वस्तांनी तसं ठरवून दिलं होतं, आणि एकट्याने एवढे एक्स-रे वाचून होत नाहीत अशी तक्रार सुमंतनेच लावून धरली म्हणून ठरवून दिलं होतं. आज तो आला होता एक जुनी फिल्म न्यायला. गावातल्या त्याच्या खाजगी क्लिनिकमध्ये एक व्यापारी आला होता, त्याची जुनी छाती नव्या छातीशी ताडून बघायची होती. एक्स-रे काढणारा मच्छिंद्र अंधारखोलीत होता. दारावरचा तांबडा दिवा पेटलेला होता आणि आतून पाण्यात फिल्म हलवल्याचा आवाज येत होता. निसळ चहाला गेला असावा. त्याची खुर्ची मागे सरकलेली, आणि भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर एक छाती तशीच लावून ठेवलेली. सुमंतने सवयीने आधी छाती पाहिली. दोन्ही फुप्फुसांत बारीक वाळू भुरभुरावी तशी छाया. मग चिठ्ठी उचलली.

हा माणूस साखर कारखान्यात चिपाडाच्या ढिगावर काम करतो, सुचित्राने लिहिलं होतं. इंग्रजीतच, पण ती घरी बोलते तशा तुटक, घाईच्या वाक्यांत. ताप रोज येत नाही, कामावरून आल्यावरच येतो. सुट्टीत गावी नेवाशाला गेला तेव्हा खोकला थांबला होता, हे त्याने नाही, त्याच्या बहिणीने सांगितलं. इतरांनी क्षयाची औषधं देऊन पाहिली, वजन चढलं नाही. मला क्षय वाटत नाही. चुकतही असेन. आणि मागच्या बाजूच्या तळाशी, सहीच्या वर, जागा उरलेली नसताना कोंबून लिहिलेलं : तुम्हाला काय वाटतं?

सुमंतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून बसलो आहोत आणि आतल्या खोलीतून आपल्याच बायकोचं हसणं ऐकू यावं, आपण कधी न ऐकलेलं, तसं त्याला झालं. त्याने चिठ्ठी होती तशी, होती त्याच कोनात, ट्रेमध्ये ठेवली. व्यापाऱ्याची फिल्म न घेताच तो बाहेर पडला. स्कूटर सुरू करताना लक्षात आलं, पण पुन्हा आत जाण्याचं धैर्य झालं नाही. निसळ परत आलेला असणार. उंच, जरा पोक काढून चालणारा, नुकताच मुंबईहून पदविका घेऊन आलेला मुलगा. मुलगाच. हसताना तोंडावर हात धरायचा. त्याच्यात मत्सर करण्यासारखं काही आहे, असं सुमंतला आजवर वाटलंच नव्हतं.

कारण सुचित्राच्या चिठ्ठ्या सुमंतलाही यायच्या. सोमवारी, बुधवारी, गुरुवारी, शनिवारी. त्यांवर रोग्याचं नाव असायचं, ‘चेस्ट पी.ए.’ किंवा ‘पोट, उभ्याने’ एवढं असायचं, आणि खाली सही : एस. पारनेरकर. ही सही दोघांचीही होऊ शकत होती. एखाद्या दिवशी घाईत तिच्याकडे बघताना त्याला वाटायचं, आपणच आपल्याला चिठ्ठी लिहिली आहे. आणि त्या विचाराने तेव्हा बरं वाटायचं. बाकीच्या डॉक्टरांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर मात्र तो चिडायचा. दवाखान्याचे सर्जन आप्पासाहेब तर नुसतं ‘एक्स-रे प्लीज’ लिहून मोकळे व्हायचे. कशाचा, कुठल्या बाजूचा, का, काही नाही. हा काय फोटो स्टुडिओ आहे का, असं सुमंत एका बैठकीत म्हणाला होता. त्यानंतर त्याने एक परिपत्रक काढलं. क्ष-किरण तपासणीच्या चिठ्ठीवर रोग्याचं वय, तक्रार, किती दिवसांची, तपासताना काय आढळलं आणि डॉक्टरांचा संशय काय, हे सारं लिहावं. छाया म्हणजे नुसती छाया, तिच्यामागचा माणूस कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं होतं. परिपत्रक प्रत्येक खोलीत लागलं. दोन-चार दिवस लोकांनी वयं लिहिली. मग पुन्हा ‘एक्स-रे प्लीज’.

सुचित्राला त्याने कधी टोकलं नाही, कारण तिने लिहिण्याची गरजच नव्हती. ती घरी सांगायची. लग्नानंतरच्या त्या वर्षांत, दवाखान्याच्या मागच्या क्वार्टर्समध्ये राहत असताना, भाकरी मोडता मोडता ती रोग्यांबद्दल बोलत सुटायची. तो श्रीगोंद्याचा म्हातारा बघितलास का रे, त्याची डावी बाजू. मला वाटतं पाणी आहे. आणि तो घास हातात धरून म्हणायचा, पाणी नाही, पाण्याखाली काहीतरी आहे. मग दोघं वाद घालायची. ताटातल्या पिठल्यावर बोटाने फुप्फुसाची कड काढून दाखवायची. दवाखान्यात ती त्याला ‘डॉक्टर’ म्हणे, घरी ‘तू’; आणि त्या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात त्यांचा संसार चालला होता. ते बोलणं कधी थांबलं? सुमंतने आठवण्याचा प्रयत्न केला. क्लिनिक काढलं तेव्हा? त्यात तो उशिरा जेवू लागला तेव्हा? की त्याआधीच, एखाद्या जेवणात ती काही सांगत असताना त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं तेव्हा? भांडण झालं नव्हतं. काहीच झालं नव्हतं. जेवणातलं बोलणं आटत गेलं आणि चिठ्ठ्या तेवढ्या पहिल्यासारख्याच कोऱ्या राहिल्या. त्यामुळे काही बदललं आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यांत त्याने एक गोष्ट केली, जिचं नाव तो स्वतःशीही घेत नसे. शनिवारी तो मच्छिंद्रच्या आधी पोहोचायचा आणि आदल्या दिवशीच्या, सुतळीने बांधून ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून सुचित्राच्या बाजूला काढून वाचायचा. उभ्यानेच. दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पाणी नव्हतं, टँकरचं पाणी मच्छिंद्र पुन्हा पुन्हा वापरायचा, त्यामुळे फिल्मा नीट धुतल्या जात नसत आणि सगळ्या खोलीला फिल्म पक्की करणाऱ्या हायपोचा आंबूस वास धरलेला असायचा. त्या वासात त्याने आपल्या बायकोचे कागद वाचले. एका बाईच्या घरी जाऊन ती चुलीचा धूर कुठे साठतो ते बघून आली होती. हे त्याला माहीत नव्हतं. खडी फोडणाऱ्या बायांच्या दम्याने ती अस्वस्थ झाली होती, सगळ्याच दम्याला दमा म्हणून मी थकले आहे, असं तिने लिहिलं होतं. थकले आहे. एक्स-रेच्या चिठ्ठीवर! हे त्याला माहीत नव्हतं. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी, कधी स्पष्ट, कधी नुसत्या प्रश्नचिन्हाने, तेच : तुम्हाला काय वाटतं? पत्र असतं तर बरं झालं असतं. प्रेमपत्र असतं तर माणसाला ओरडता तरी आलं असतं. इथे आरोप काय करायचा? की तू तुझं काम फार नीट करतेस?

संध्याकाळी घरी ती कणीक मळत असायची आणि तो तिच्या बोटांकडे बघायचा. हीच बोटं. ती विचारायची, भूक नाही का? तो म्हणायचा, आहे. रात्रीचा पंखा फिरायचा. तिचा श्वास शांत चाललेला असायचा, आणि तो त्या श्वासात काहीतरी ऐकू येतं का ते बघायचा, एखाद्या नवशिक्या विद्यार्थ्याने छातीला नळी लावून बघावं तसं.

एका बुधवारी मच्छिंद्रने चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणून ठेवला. वरची आप्पासाहेबांची. ‘एक्स-रे प्लीज’. बरोबरचा माणूस लंगडत होता म्हणून सुमंतने पाय म्हणून समजून घेतलं आणि मच्छिंद्रकडे दिली. तिच्याखाली सुचित्राची. नाव बनुबाई, चेस्ट पी.ए., एस. पारनेरकर. त्या दोन शब्दांभोवतालचा कोरा कागद त्याने बघितला. काय काय लिहिता आलं असतं तिथे. आज मंगळवार असता तर लिहिलं गेलंच असतं. त्याने तांबडी पेन्सिल घेतली आणि त्या कोऱ्या जागेत आडवं लिहिलं : माहिती अपुरी. परत.

मच्छिंद्रने वाचलं. “साहेब, बाईसाहेबांची हाय.”

“वाचता येतं मला.”

“तसं न्हाई. बाई लांबून आलीय, जामखेडच्या पल्याडनं. खोकतीय लई.”

“मग लिहून आणू दे त्यांच्याकडून. परिपत्रक सगळ्यांना सारखं आहे.”

मच्छिंद्र गेला. व्हरांड्यात त्याचं दबलेलं बोलणं, मग एका बाईचा खोकला, आणि हातातल्या बांगड्यांचा आवाज जिन्याच्या दिशेने लांब गेलेला सुमंतने ऐकला. त्याला समाधान वाटलं. ते समाधान दुपारपर्यंत टिकलं. चिठ्ठी घेऊन सुचित्रा स्वतः वर येईल, दारात उभी राहील, रागाने का होईना पण बोलेल, अशी त्याने वाट पाहिली. तो मनात वाक्यं जुळवत होता. ती आली नाही.

ती आली ती दुसऱ्या दिवशी, आणि दवाखान्यात नाही, घरी. दुपारी तो जेवायला आला तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“बनुबाईचा फोटो कुठे आहे?” तिने विचारलं.

“कोण बनुबाई?”

“खर्ड्याची. काल पाठवली होती. आज सकाळी यायला सांगितलं होतं, आली नाही. मच्छिंद्रला विचारलं तर तो माझ्याकडे बघेना.”

“चिठ्ठी अपुरी होती. परत पाठवली.”

ती वळली. तिचे हात ओले होते. “परत म्हणजे? मी काल अकरानंतर वॉर्डात होते. बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला. कुणाकडे गेली असेल ती चिठ्ठी घेऊन? रक्त पडतंय तिला, सुमंत. अंगावर पिणारं पोर आहे. खडी केंद्रावरचा एक दिवस बुडवून आली होती, दुसरा बुडवणार नाही ती.”

“हे सगळं चिठ्ठीवर लिहायला काय झालं होतं?” तो म्हणाला, आणि आता थांबता येणार नाही हे त्याला बोलता बोलताच कळलं. “त्याला लिहितेस की. पाठपोट लिहितेस. मला दोन शब्द.”

सुचित्राने पदराला हात पुसले. सावकाश, एकेक बोट. “तू त्या चिठ्ठ्या वाचल्यास?”

“दवाखान्याच्या आहेत त्या.”

“हो. दवाखान्याच्याच आहेत.” ती खुर्चीवर बसली. चिडली नव्हती, चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. “निसळ आल्या आल्या माझ्या खोलीत आले. म्हणाले, बाई, मला नुसती फिल्म बघून कळत नाही, भीती वाटते, तुम्ही मला सांगत जा. म्हणून लिहिते.”

“मीही मागितलं होतं. परिपत्रक काढलं होतं.”

“ते सगळ्यांना होतं, सुमंत.”

ताटातली भाजी गार होत होती.

“आणि तुला मी जेवताना सांगत असे,” ती म्हणाली.

असे. त्या एका क्रियापदावर तो दुपारभर अडकून राहिला. क्लिनिकमध्ये एका पोराचं मोडलेलं मनगट बघताना, बिल लिहिताना, असे, असे. ती सांगत असे. आपण ऐकत असू. उठताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती : निसळांकडे गाडी आहे, रविवारी खर्ड्याला जाऊन बाईला घेऊन येऊ म्हणाले. म्हणजे आपल्याशी बोलण्याआधी ती त्याच्याशी बोलली होती. बनुबाई आली नाही हे कळताच तिने आधी कुणाकडे धाव घेतली? “मीही येतो,” सुमंत म्हणाला होता. त्यावर ती नुसतं “ये” म्हणाली होती, घरात पाहुण्याला म्हणतात तसं.

रविवारी निसळने आपली काळी फियाट दारात आणली आणि खाली उतरून पुढचं दार उघडून धरलं. “सर, तुम्ही पुढे बसा.” मान म्हणून पुढची जागा सुमंतला मिळाली आणि सुचित्रा मागे बसली. भिंगार मागे पडलं, झाडं विरळ झाली, आणि सुमंतच्या लक्षात आलं की मागे बसलेल्या बाईशी बोलायचं तर गाडी चालवणारा समोरच्या आरशात बघतो. निसळ आरशात बघत होता. रस्त्याकडे, आरशात, रस्त्याकडे. त्याच्या डोळ्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला, भुवयांना सुचित्रा उत्तरं देत होती. बोलणं सगळं चिपाडाच्या धुळीबद्दल. तो कारखान्याचा माणूस आता बरा होता. त्याला ढिगावरून हलवून वजनकाट्यावर बसवलं होतं. “तुमचं बरोबर होतं बाई,” निसळ म्हणाला. “अहो, तुम्ही म्हणालात म्हणून मी कारखान्याला लिहायचं धाडस केलं,” ती म्हणाली. हे सगळं सुमंतच्या खांद्यावरून जात होतं. दोघांच्या बोलण्यात एक शब्दही असा नव्हता, जो त्याच्यासमोर बोलता येऊ नये. तेच असह्य होतं. कडा गाव गेलं, आष्टी गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जमीन भाजलेल्या मडक्यासारखी तांबूस पडली होती.

“सर,” निसळ मधेच म्हणाला, “तुमचा एक रिपोर्ट मी परवा फाइलीत बघितला. जुना. चिठ्ठीवर काही नाही, नुसतं चेस्ट. आणि तुम्ही हृदयामागची गाठ पकडलीत. मी तासभर ती फिल्म बघत बसलो, मला नाही दिसली. मग तुमचा रिपोर्ट वाचला, मग दिसली.” त्याने तोंडावर हात धरला, आणि गाडी चालवताना हात सोडता येत नाही हे आठवून पुन्हा खाली आणला. “मला कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. तुम्हाला दिसतं.”

तो खरं बोलत होता. सुमंतने त्याच्याकडे बघितलं. कानशिलावर घामाची धार, कॉलर आतून मळलेली. या माणसाचा राग यावा म्हणून त्याने मनाला ढोसलं, आणि राग आला नाही, पण मत्सर तसूभरही कमी झाला नाही. उलट वाढला. ज्याला दिसत नाही त्याला सगळं सांगितलं जातं.

दुष्काळी कामाचं खडी केंद्र खर्ड्याच्या अलीकडे, किल्ल्याच्या अंगाला होतं. उन्हात ओळीने बसलेल्या बाया, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, हातोड्यांचा एकसारखा टणटण आवाज; कुणी डोळ्यांवर फडकं बांधलेलं, कुणी नाही. वारा नव्हता तरी धूळ हवेत तशीच लोंबकळत होती. मुकादमाने हाक मारली तशी एक बाई उठली. सुमंतने कल्पना केली होती त्यापेक्षा पुष्कळ लहान, खांदे पुढे आलेले, गालफडांवर धुळीचा थर आणि त्यात खोकताना ओघळलेल्या पाण्याच्या रेषा. लिंबाच्या सावलीत तिची सासू पोराला मांडीवर घेऊन सुकडी भरवत होती. गाडी बघून तीही लगबगीने आली.

“डाक्टरीनबाई, तुमी?” बनुबाई म्हणाली. “म्या आले हुते की त्या दिशी. लबाडी न्हाई केली.”

“माहीत आहे मला. मग परत का नाही आलीस?”

“त्यो कागुद माघारी दिला. म्हनले, बाईंचं लिवनं अपुरं हाय. म्या म्हनलं, आसं कसं आपुरं? बाईंनी तर समदं इचारलं. माज्या आयनं बी कदी येवडं इचारलं न्हाई.” ती खोकली, पदर तोंडावर धरला, पदर बघितला आणि मुठीत दाबला. “खाली आले तर तुमी न्हाई. यस्टी गेली आसती मंग.”

सासू पुढे झाली. “आन् आता न्यायाला आलाय, तर पुन्यांदा माघारी धाडनार न्हाई कशावरनं? खाडा पडतो हितं. कोन भरून देनार?”

सुचित्राने सुमंतकडे बघितलं नाही. ती मुद्दाम बघत नव्हती, हे त्याला तिच्या मानेवरून कळलं. निसळ चपलेने खडी उकरत होता. कुणीतरी चुकून झालं, दवाखान्यात असं होतं, असं काहीतरी सुचित्रा बोलणार, त्याला झाकणार, आणि मग आयुष्यभर ते झाकलेलं दोघांच्या मधे राहणार, आणि निसळला ते माहीत असणार.

“मी परत धाडलं होतं,” सुमंत म्हणाला.

बनुबाईने त्याला पहिल्यांदाच बघितलं. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, धुळीने पांढरे झालेले बूट. “तुमी व्हय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती घेतल्यासारखं. “मंग आता न्हाई ना काय आपुरं?”

“नाही.”

“मंग चला की. उनाचं कशाला हुबं ऱ्हायचं.”

मुकादमाशी सुचित्राच बोलली. दवाखान्याचा दाखला देते, खाडा धरायचा नाही, असं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. परतताना बनुबाई आणि पोराला घेतलेली सासू मागे सुचित्राजवळ बसल्या. काचा सगळ्या खाली केल्या होत्या, गरम वारा आत शिरत होता, आणि मागून तिघींचं बोलणं अर्धवट तुटून पुढे येत होतं. दूध येतं का. रात्रीचा घाम. माहेर कुठलं. सुचित्राचा आवाज त्या बायांशी बोलताना उतरून त्यांच्या आवाजात मिसळला होता. सुमंत कान देऊन ऐकत होता, पण वाऱ्याने बरंचसं उडून गेलं. निसळ आता आरशात बघत नव्हता.

दवाखान्यात रविवारचं सामसूम होतं. मच्छिंद्र गावी गेलेला. “मी काढतो सर,” निसळ म्हणाला. “नको. तुम्ही घरी जा आता,” सुमंत म्हणाला, “सकाळपासून गाडी चालवताय.” निसळने एकदा सुचित्राकडे पाहिलं, नमस्कार केला आणि गेला. कित्येक वर्षांत सुमंतने स्वतः फोटो काढला नव्हता. बनुबाईला डोरलं काढून सासूकडे द्यायला सांगितलं, तिची हनुवटी फिल्मच्या कॅसेटवर टेकवली, कोपर पुढे वळवले. हाडं हाताला लागली. श्वास घे, धरून ठेव, असं तो म्हणाला. तिने धरला, आणि खोकला आवरता आवरता तिची पाठ थरथरली. त्याने वाट पाहिली, पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या वेळेला जमलं. मग अंधारखोली, तांबडा उजेड, टाकीत तळाशी उरलेलं पाणी. फिल्मवर आधी काहीच नसतं, मग फासळ्या येतात. त्या एकेक वर आल्या आणि उजव्या बाजूला, वरती, गळपट्टीच्या हाडाखाली एक पोकळी उमटली, पातळ कडेची, चिमुकल्या मुठीएवढी. त्याला कुणी काही सांगण्याची गरज पडली नाही. लगेच दिसलं.

ओली फिल्म धरून तो बाहेर आला. सुचित्रा उजेडाच्या पेटीशी स्टूल ओढून बसली होती. बनुबाई आणि तिची सासू व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. पोर रडत होतं, मग थांबलं. त्याने फिल्म लावली. सुचित्राने बघितलं आणि हळूच श्वास सोडला. रोग क्षयाचाच होता. खूप पुढे गेलेला, पण हाताबाहेर नाही. सुई, गोळ्या, दूध तोडायचं की नाही, पोराची तपासणी, हे सगळं आता व्हायचं होतं.

“सांग,” सुमंत म्हणाला.

“काय?”

“तिचं. सगळं. पहिल्यापासून.”

तिने स्टूल त्याच्याकडे वळवलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. बाळंतपण उन्हाळ्यात झालं, खोकला त्याच्याही आधीचा. नवरा उसाच्या टोळीबरोबर गेलेला. पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा तिला वाटलं, विडा खाल्ला होता त्याचं. सुचित्रा चांगलं सांगत होती, कुठेही न अडखळता. सुमंत ऐकत होता, फिल्मकडे बघत, आणि त्याला फार बरं वाटत होतं, आणि मग वाटेनासं झालं. एका ठिकाणी, ऐकणाऱ्याने काहीतरी विचारावं अशा ठिकाणी, ती थांबली. त्याने काही विचारलं नाही. तरी तिने उत्तर दिलं : “नाही, घरात आणखी कुणाला नाही, दिराला होता पण तो वेगळा राहतो.” तो प्रश्न कुणीतरी आधीच विचारून ठेवला होता. हे सगळं ती दुसऱ्यांदा सांगत होती.

त्याने मधेच वजनाचं विचारलं. तिने सांगितलं. ताप? सांगितलं. आधी कुठली औषधं? तेही तयार होतं, औषध देणाऱ्या वैद्याच्या गावासकट. प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी हाताळणीतून गुळगुळीत होऊन त्याच्याकडे येत होतं. त्याने पेटीवरच्या पोकळीकडे बघितलं, तिच्या तळाशी साठलेल्या धूसर रेघेकडे, आणि विचार केला.

“कुठल्या कुशीवर झोपली म्हणजे खोकला कमी येतो तिला?”

सुचित्रा बोलायला गेली आणि थांबली. “कुठल्या कुशीवर…” तिने कपाळाला आठ्या घातल्या. “माहीत नाही. हे नाही विचारलं मी.”

त्या दोन शब्दांनी, माहीत नाही, त्याला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्याला पेटीकडे वळावं लागलं. समोर एका बाईचं पोखरलेलं फुप्फुस होतं आणि त्याला आनंद झाला होता. त्याला स्वतःची शरम वाटली आणि तरी तो आनंद गेला नाही.

“थांब, विचारून येते,” असं म्हणत सुचित्रा उठली आणि बाहेर गेली. बाकावरून तिचा आवाज आला, बनुबाईचं काहीतरी उत्तर, सासूचं मधेच बोलणं, पुन्हा सुचित्राचा प्रश्न. सुमंत दाराकडे तोंड करून उभा राहिला. उत्तर घेऊन ती आता त्याच्याकडेच येणार होती.